'ब्लुई'ची मजा नक्की कोणाला, पोरांना की आपल्याला?

दोन_पोरांचा_बाप (मुलुंड)
जेवताना टीव्ही बंद, हा आमच्या घरचा नियम. तो मोडला, आणि मोडणारा मीच. निमित्त 'ब्लुई'. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: ब्रिस्बेनमधलं कुत्र्यांचं चौकोनी कुटुंब. बाबा बँडिट, आई चिली, सहा वर्षांची ब्लुई आणि चार वर्षांची बिंगो. जो ब्रम यांची ही ऑस्ट्रेलियन मालिका २०१८ मध्ये सुरू झाली. बहुतेक भाग सातेक मिनिटांचे. खलनायक नाही, जादूची गॅजेट्स नाहीत.

मला ती आवडते कारण तिच्यात बाप हरतो. 'टेकअवे' हा भाग घ्या. बँडिट दोघी पोरींना घेऊन चायनीजचं पार्सल आणायला गेलाय. स्प्रिंग रोल राहिलेत, पाच मिनिटं थांबा म्हणतात. बस्स, एवढीच गोष्ट. त्या पाच मिनिटांत एकीला शू लागते, पाणी सांडतं, पक्षी पार्सलवर तुटून पडतात. आमच्या स्टेशनबाहेरच्या चायनीजवाल्याचं 'बस पाँच मिनट, साहब' आणि त्यानंतरची ती पाच मिनिटं मला तोंडपाठ आहेत. शेवटी बँडिट हात टेकतो आणि पोरींना पाण्यात खेळू देतो. मी त्या दिवशी काय केलं होतं ते इथे लिहीत नाही.

बोरिवली_स्लो
पूर्ण असहमत. ही मालिका पोरांच्या नावावर आईबापांना विकलेली आहे. बँडिट म्हणे पुरातत्त्वज्ञ, पण हा माणूस कामावर जातो कधी? बघावं तेव्हा अंगणात घोडा घोडा. मी रात्री साडेनऊला घरी पोचतो. लेक विचारतो, 'ब्लुईचे बाबा खेळतात, तुम्ही का नाही?' काय सांगू, त्यांना चर्चगेटहून यायचं नसतं म्हणून?

दोन_पोरांचा_बाप (मुलुंड)
@बोरिवली_स्लो, 'व्हेल वॉचिंग' बघा. आदल्या रात्री नव्या वर्षाची पार्टी झालेली, नवराबायको दोघं आडवे. पोरींना खेळायचंय. मग बाबा होडी, आई व्हेल, दोघंही जमेल तितकं पडून. दमलेल्या माणसाची सोय आहे हो त्यात! मी घरी 'पेशंट' होतो. डोळे मिटून पडायचं, पोरं इंजेक्शनं देतात. वीस मिनिटं झोप मिळते.

समोसा_लव्हर
तुम्ही लोक फार विचार करता. माझ्या भाच्यांना 'मोटू पतलू' लागतं. 'लोटपोट' कॉमिक्समधली जोडी, २०१२ पासून टीव्हीवर, आणि बनवणारी कॉस्मॉस-माया कंपनी आपल्या मुंबईचीच. मोटूने समोसा खाल्ला की मारामारी, पोरं खिदळतात, खेळ खल्लास. कार्टूनने बापाला बाप व्हायला शिकवायचं कशाला?

दोन_पोरांची_आई
@समोसा_लव्हर, खिदळण्याला ना नाही, पण तुमचे भाचे बघत असताना तुम्ही काय करता? मोबाईल. तेच तर म्हणतेय. ब्लुई लागली की आमच्याकडे फोन खाली राहतो.
'क्रिकेट' हा भाग तर मुंबईकराने बघायलाच हवा. रस्टी नावाचा पोरगा वाढदिवसाच्या पार्टीत बॅटिंग सोडतच नाही, सगळ्यांचे बाप बोलिंग करून दमतात. त्याचे बाबा सैन्यात, दूर. जोरात येणाऱ्या बॉलला कसं सामोरं जायचं, ते त्यांनी पत्रात लिहिलेलं. आणि शेवटी हा पठ्ठ्या मुद्दाम सोपा झेल उडवतो, धाकट्या बहिणीला घेता यावा म्हणून. आमच्या सोसायटीत एक टप्पा आऊटवरून आठ-आठ दिवस अबोला चालतो. मी रडले, नवरा 'कांदा चिरतोय' म्हणाला. कांदा नव्हता.

गिरगावची_मामी
मालिका मलाही आवडते, पण 'द साइन'ने माझी निराशा केली. २०२४ चा तो २८ मिनिटांचा मोठा भाग. बँडिटला दुसऱ्या शहरात जास्त पगाराची नोकरी, म्हणून घर विकायचं, अंगणात 'विकणे आहे'ची पाटी. ब्लुई कोलमडते. इथवर उत्तम. आणि मग? घेणाऱ्यांना दुसरं घर आवडतं, बँडिट पाटी उपटून टाकतो, सगळे तिथेच राहतात.
आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. लेकीने पाटी उपटण्याची वाट बघितली असती तर? सात मिनिटांच्या भागांत जी मालिका इतकी खरी असते, तिने नेमकं इथेच पळ काढावा?

बोरिवली_स्लो
मामींना +१. मी हेच वेगळ्या शब्दांत म्हणत होतो.

दोन_पोरांचा_बाप (मुलुंड)
नाही, ते वेगळं आहे. तुमची तक्रार बाप फार चांगला आहे ही, मामींची शेवट फार चांगला आहे ही. मामींचं पटतं मला. पण त्याच भागात शिक्षिका एका शेतकऱ्याची गोष्ट सांगते ना? काहीही झालं, बरं किंवा वाईट, तो म्हणतो 'बघू'. मला वाटतं पोरांच्या लक्षात तेच राहतं.

आजोबा_दादर
'टॉम अँड जेरी' १९४० पासून आहे. संवाद जवळजवळ नाहीत, तरी तीन पिढ्या एकत्र हसतात. एवढं बोलून मी झोपायला जातो. (हलकेच घ्या.)

गिरगावची_मामी
@दोन_पोरांचा_बाप, लक्षात काय राहतं ते सांगू? नवी इमारत होईपर्यंत राहायला आम्ही ट्रान्झिटच्या जागेत आलो त्या दिवशी लेकीने चाळीतल्या दारावरची नावाची पाटी बरोबर आणली. मालक म्हणाला भिंतीला खिळा मारायचा नाही. तिने ती दाराच्या कडीला सुतळीने बांधली. वाऱ्याने दिवसभर खडखडते.