यूएसडीटीचे ‘भेट मंडळ’: कंपनीच नसेल, तर पैसा बुडतो नेमका कोठे?

कृष्णाकाठ (प्रश्न):
नमस्कार. आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, एका ‘भेट मंडळा’त सामील झाले असून आता माझ्या वडिलांनीही त्यात यावे असा त्यांचा आग्रह आहे. मंडळ पंधरा जणांचे असते: केंद्रस्थानी एक, त्याभोवती दोन, मग चार आणि सर्वांत बाहेर आठ. बाहेरच्या आठ जणांनी प्रत्येकी ५०० यूएसडीटी (डॉलरच्या मूल्याशी बांधलेले क्रिप्टो चलन) केंद्रातील सदस्याच्या वॉलेटवर, म्हणजे क्रिप्टोच्या डिजिटल खात्यावर, ‘भेट’ म्हणून पाठवायचे. आठही जागा भरल्या की केंद्रातील व्यक्ती बाहेर पडते, मंडळाची दोन मंडळे होतात आणि प्रत्येक जण एक पायरी आत सरकतो. आपण केंद्रात पोहोचलो की ४,००० यूएसडीटी मिळतात, असा हिशेब सांगितला जातो.

दाजींचे म्हणणे असे की, येथे कंपनी नाही, मधला माणूस नाही, सारे काही स्मार्ट कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे आपोआप व्यवहार करणाऱ्या संगणकीय कोडवर, चालते आणि ते कोणालाही बदलता येत नाही. ही एक प्रकारची डिजिटल भिशीच आहे. त्यांना स्वतःला रक्कम मिळाली आहे. तो व्यवहार मी ब्लॉकचेनवर, म्हणजे क्रिप्टो व्यवहारांच्या सर्वांना खुल्या नोंदवहीत, तपासला, तो खरा आहे. प्रश्न वडिलांच्या निवृत्तीच्या पैशाचा आहे आणि सांगणारे घरचे जावई आहेत, त्यामुळे ‘हे फसवे आहे’ एवढे म्हणून भागणार नाही. कोणी पैसे घेऊन पळत नसेल, तर ते बुडतात कोठे?

हिशेबनीस:
आपण प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून उत्तरही आकड्यांतच देतो. पळून जाण्याची गरजच नाही, कारण पैसा आत येतो त्याच क्षणी दुसऱ्याचा होतो. बाकी कोठे तरी गंगाजळी साठते आणि एके दिवशी कोणी ती लुटते, असे या योजनेत घडत नाही.

मंडळ प्रथम सुरू होते तेव्हा आतल्या सात जागांवर कोण असते, हे दाजींना विचारा. त्या सात जणांनी कोणालाही काही दिलेले नसते, आणि सात वॉलेट उघडायला सात माणसे लागत नाहीत. एकाच माणसाला ते पाच मिनिटांत करता येते. पहिले आठ जण आले की केंद्रातील पहिल्याला रक्कम मिळते, पुढच्या सोळा जणांची रक्कम दुसऱ्या वर्तुळातील दोघांना जाते आणि त्यापुढच्या बत्तीस जणांची तिसऱ्या वर्तुळातील चौघांना. म्हणजे खरोखर पैसे भरलेल्या एकाही माणसाच्या हाती दमडी पडण्यापूर्वी ५६ जणांचे २८,००० यूएसडीटी सूत्रधारांकडे गेलेले असतात. त्यानंतर पैसे भरलेल्या पहिल्या आठ जणांची पाळी येते आणि त्यांच्यासाठी आणखी ६४ माणसे लागतात. ते आठ जण सुखी होतात तेव्हा एकूण १२० जणांनी पैसे भरलेले असतात आणि ११२ जण वाट पाहत असतात.

या ६४ जणांना मिळायचे तर ५१२ माणसे हवीत, त्या ५१२ जणांसाठी ४,०९६. याच गतीने नवव्या पिढीला १३ कोटी ४२ लाख माणसे लागतात, आणि २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. पण माझ्या मते माणसे संपणे हा मुख्य मुद्दा नाहीच. योजना कितीही वाढली तरी एकाला मिळण्यासाठी आठांनी भरावे लागते, त्यामुळे ती ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी भरणाऱ्यांपैकी किमान सात-अष्टमांश लोक रिकाम्या हाताने उरलेले असतात. योजना कोसळली म्हणून तोटा होतो असे नव्हे. तो पहिल्या दिवसापासून रचनेतच आहे आणि कोसळल्यावर तो फक्त दिसू लागतो. भिशीत ठरलेली माणसे ठरलेली रक्कम आळीपाळीने उचलतात आणि शेवटी प्रत्येकाला त्याने भरले तेवढे मिळते. नवा सदस्य आला नाही म्हणून भिशी अडत नाही.

स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट बदलता येत नाही, हे खरेही असू शकेल, परंतु त्यातून सुरक्षितता सिद्ध होत नाही. जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘फोर्सेज’ या योजनेची जाहिरात नेमकी याच शब्दांत होत होती. तिचे व्यवहार ब्लॉकचेनवर खुले होते, म्हणूनच तपास यंत्रणांना ते मोजता आले: अमेरिकेच्या न्याय विभागाने २०२३ मध्ये सांगितले की, इथेरियम या ब्लॉकचेनवरील योजनेत ८० टक्क्यांहून अधिक लोकांना भरल्यापेक्षा कमी परत मिळाले आणि निम्म्याहून अधिक लोकांना एकदाही काही मिळाले नाही. शिवाय संस्थापकांनी एका कॉन्ट्रॅक्टमध्ये पैसा स्वतःच्या खात्यांकडे वळेल अशी तरतूद करून ठेवली होती, असा आरोपही त्यात आहे. कोड वाचता येतो, पण वाचणारा किती जणांच्या ओळखीत असतो?

पेठकर:
हिशेबनीसांशी सहमत. पैसे एका झटक्यात जात नाहीत, ते टप्प्याटप्प्याने काढले जातात, एवढे त्यात जोडतो. प्रथम यूएसडीटी कोठून घ्यायचे हा प्रश्न येतो. नवख्या माणसाला ते जमत नाही, म्हणून ‘वरचा’ सदस्यच रोख घेऊन विकतो आणि दरात स्वतःचे काढतो. पी-टू-पी पद्धतीने, म्हणजे थेट एका व्यक्तीकडून दुसरीकडे, अनोळखी माणसाकडून घेतले आणि साखळीत कोठे तरी सायबर गुन्ह्याचा पैसा निघाला, तर पोलिसांच्या सूचनेवरून बँक खाते गोठवले जाते, ही वेगळी डोकेदुखी. पुढे रक्कम मिळाली की ती घेऊन घरी जाऊ देत नाहीत. मोठ्या मंडळात परत गुंतवायला लावतात. दाजींना मिळालेली रक्कम आज त्यांच्या बँक खात्यात आहे की पुढच्या मंडळात, हे अवश्य विचारा. आणि त्यांचा तो खरा व्यवहार आता नव्या लोकांना दाखवण्याच्या कामी येतो, म्हणजे त्यांच्या आधी आलेल्यांच्या दृष्टीने तो जाहिरातीचा खर्च ठरला.

पुण्यात ‘गेनबिटकॉइन’ चे प्रकरण गाजले, ते अनेकांना आठवत असेल. बिटकॉइन द्या आणि १८ महिने दरमहा १० टक्के बिटकॉइनमध्येच घ्या, असे ते आमिष होते, आणि नवे लोक आणणाऱ्याला वेगळे कमिशन मिळे. २०१७ मध्ये नव्या गुंतवणूकदारांचा ओघ आटला, तेव्हा परतावा बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाच्या घरच्याच नाण्यात देणे सुरू झाले, ज्याची किंमत बिटकॉइनच्या मानाने नगण्य होती. सूत्रधार अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटक केली, २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला, ठिकठिकाणचे गुन्हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सीबीआयकडे सोपवले आणि फेब्रुवारी २०२५ मध्येही छापे चालूच होते. ६,६०० कोटी रुपयांचे बिटकॉइन गोळा केल्याचा ईडीचा आरोप आहे. तेथे निदान एक नाव होते, ज्याच्यावर फिर्याद करता आली. दाजी ज्याला गुण मानतात, म्हणजे ‘कंपनीच नाही’, त्याचा व्यवहारातला अर्थ फिर्याद कोणाविरुद्ध करायची हेच कळू नये, असा आहे.

कृष्णाकाठ:
दोघांचेही आभार. ५६ चा आकडा वडिलांना कागदावर मांडून दाखवला आणि त्यांना तो पटला. दाजी मात्र म्हणतात की, प्रत्येक सदस्य ‘ही रक्कम मी स्वेच्छेने, परताव्याची अपेक्षा न ठेवता भेट देत आहे’ असे लिहून देतो, त्यामुळे हे कायदेशीर आहे. यात तथ्य आहे का?

कायदासल्ला:
त्या कागदाचा उपयोग होतो, पण आयोजकांना. उद्या आपण पैसे परत मागितले, तर तोच आपल्यासमोर धरला जाईल. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२२ नुसार दान हे मोबदल्याविना असते. आठपट मिळण्याच्या आशेने दिलेल्या पैशाला दान म्हटल्याने ते दान होत नाही.

या विषयावरचा मूळ कायदा १९७८ चा आहे: बक्षीस चिट व पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा. त्यातील व्याख्येत ‘कोणत्याही नावाने ओळखली जाणारी’ योजना येते आणि पैशाबरोबर मौल्यवान वस्तूचाही उल्लेख आहे, त्यामुळे केवळ ‘भेट’ किंवा ‘यूएसडीटी’ या शब्दांनी सुटका होईल असे मानू नये. बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट कलम ३ मध्ये आहे. योजना चालवणे तर निषिद्ध आहेच, परंतु सदस्य होणे, सहभागी होणे आणि त्यासाठी पैसे देणे किंवा घेणे हेही निषिद्ध आहे, आणि कलम ४ मध्ये तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. म्हणून दाजींना ‘तुम्ही फसला आहात’ असे सांगण्यापेक्षा ‘तुम्ही माणसे आणता आहात आणि त्यांच्या तक्रारीत पहिले नाव तुमचे असेल’ असे सांगावे. तक्रारदार सूत्रधाराला ओळखत नसतो; तो ज्याच्यामुळे आत आला त्यालाच ओळखतो. एप्रिल २०१७ मध्ये ‘वनकॉइन’ या बनावट क्रिप्टो चलनाच्या प्रकरणी नवी मुंबई पोलिसांनी अटका केल्या, तेव्हा परदेशात बसलेल्या संस्थापक हाती लागल्या नव्हत्या. पकडले गेले ते येथे प्रचार करणारे लोक.

कराचेही पाहावे. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांहून अधिक मूल्याची भेट मिळाली, तर ती करपात्र उत्पन्न धरली जाते, आणि २०२२ पासून त्यात आभासी डिजिटल मालमत्ताही मोडते. दाजींच्या ४,००० यूएसडीटीने ती मर्यादा कधीच ओलांडली आहे.

कोणी पैसे पाठवलेच असतील, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी आणि वॉलेटचे पत्ते, व्यवहाराचे हॅश (ओळख क्रमांक) व व्हॉट्सॲपचे संदेश जपून ठेवावेत. गटातून बाहेर पडण्यापूर्वी संदेश उतरवून घ्यावेत, कारण गट अचानक पुसले जातात. यूएसडीटी एकदा गेले की बँकेसारखे मागे फिरवता येत नाहीत, मात्र ते क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एखाद्या नोंदणीकृत एक्सचेंजच्या खात्यात पोहोचले असतील आणि पोलिसांनी वेळेत पत्र दिले, तर तेथे थांबवता येऊ शकतात. यानंतर ‘तुमचे क्रिप्टो परत मिळवून देतो’ म्हणणारे फोन येऊ लागतील. अशा योजनांत पोळलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. आगाऊ शुल्क मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये आणि वॉलेट उघडणारे बारा गुप्त शब्द कोणालाही सांगू नयेत.