मॉरिशसला कांदा पाठवायचाय, आयात परमिट नक्की कोणी काढायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही निफाड तालुक्यातले, छोटी शेतकरी उत्पादक कंपनी आहे. यंदा उन्हाळ कांदा चाळीत चांगला टिकलाय म्हणून एक कंटेनर मॉरिशसला टाकून बघू असं चाललंय. आयईसी (आयात-निर्यातीचा) कोड आहे, अपेडाची (शेतमाल निर्यातीचं सरकारी मंडळ) नोंदणी आहे, पण थेट एक्स्पोर्ट आजवर एकदाही केला नाही, माल व्यापाऱ्याला द्यायचा आणि तो पुढं दुबईला जातो का कोलंबोला ते आपल्याला कळायचं पण नाही.

मॉरिशसच का, तर मामेबहीण तिकडं वाक्वाला दिलीय, सासरचे चार पिढ्यांपासून तिथलेच मराठी, आणि तिच्या दिरांच्या ओळखीत एक भाजीचे होलसेलवाले आहेत, ते माल घ्यायला तयार आहेत.

आता घोळ असा की इथल्या एका एजंटने तिकडचं परमिट काढून देतो म्हणून २० हजार आगाऊ घेतले आणि व्हॉट्सअॅपवर एक कागद पाठवला, त्यावर ना नंबर ना तारीख. फायटो (माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला) काढायला गेलो तर तिथले अधिकारी म्हणतात आधी त्या देशाच्या अटी दाखवा. मग आधी काय, परमिट का फायटो?

आधीच धास्ती आहे. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा आमचा कांदा मातीमोल झाला, नंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये मॉरिशससाठी १२०० टन सोडले ते पण एनसीईएल या राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत, आपल्यासारख्याला त्यात काय. आता १ एप्रिल २०२५ पासून कांद्यावरची २० टक्के निर्यात ड्युटी गेली म्हणून हे धाडस. कोणी पाठवलाय का तिकडं?

प्रतिसाद १
भाऊ, आधी परमिट. आणि ते तुम्ही नाही, तिकडचा आयातदार काढतो, स्वतःच्या नावाने, रेद्वी इथल्या त्यांच्या प्लांट प्रोटेक्शन ऑफिसातून, त्यांच्या २००६ च्या वनस्पती संरक्षण कायद्याखाली. त्यात कीड-रोगाच्या अटी लिहिलेल्या असतात, त्याच शब्दांत आपल्याकडचे अधिकारी फायटोवर डिक्लेरेशन देतात. माल जहाजावर चढायच्या आधी हे सगळं हातात पाहिजे, नंतर काढू म्हणाल तर कंटेनर तिकडच्या पोर्ट लुई बंदरात अडकून सडेल.

अजून एक, तिथं कांदा-बटाटा-लसूण म्हणजे अॅग्रिकल्चरल मार्केटिंग बोर्डाचा विषय, हे सरकारी बोर्ड स्वतः टेंडर काढून कांदा मागवतं. त्यामुळं तुमच्या होलसेलवाल्यांना पहिलं हेच विचारा की तुमच्या नावावर परवानगी मिळते का, नाहीतर बोर्डाच्या टेंडरवर लक्ष ठेवा. ओळख चांगली, पण ओळखीवर कस्टम सुटत नाही.

मूळ प्रश्नकर्ता
धन्यवाद दादा, डोळे उघडले. तो कागद आता नीट वाचला, आयातदार म्हणून आमच्याच कंपनीचं नाव टाकलंय शहाण्याने 😅 म्हणजे निफाडवाले निफाडहून आयात करणार. फोन उचलत नाहीये. मामेबहिणीला रात्री व्हिडिओ कॉल करून दिरांना रेद्वीला चौकशी करायला सांगतो.

तोवर एवढंच सांगा, रीफर (थंड कंटेनर) घेतला तर टेंपरेचर किती ठेवायचं आणि व्हेंट (हवेची झडप) किती उघडा? एक जण म्हणतो एकदम थंड, दुसरा म्हणतो थंडीतून बाहेर काढला की दोन दिवसांत कोंब फुटतात.