पंधरा-पंधरा मिनिटांच्या तक्त्याने सहल बिनत्रासाची होते का?

पारोळेकर ताई:
परवा इथे एका जळगावकर भाऊंनी मे महिन्याच्या सहलीचा पंधरा-पंधरा मिनिटांचा तक्ता टाकला. शुक्रवारी रात्री अमरावती-मुंबई एक्स्प्रेस, पहाटे कल्याण, खोपोली लोकल, तिथून थेट इमॅजिका, ते पाळण्यांचं मोठं पार्क. रविवारी वॉटर पार्क, संध्याकाळी लोणावळा, सोमवारी शिर्डी करून घरी. वर लिहिलंय ‘बिनत्रासाची सहल’. वाचलं आणि राहवलं नाही.

आम्ही दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका पार्कला अस्संच गेलो होतो. रात्रभर गाडीत जागलेली पोरं गेटवरच पेंगत होती. दुपारी दोनला धाकट्याने रांगेतच जमिनीवर लोळण घेतली. मोठीला ज्या पाळण्याची वर्षभर ओढ, तिथल्या उंचीच्या पट्टीला ती दोन बोटं कमी भरली. घरीच दाराच्या चौकटीला टेकवून मोजली असती, तर तिथे रडू कोसळलं नसतं. त्यावरून आम्हा नवरा-बायकोत जुंपली, ती पार मनमाड येईपर्यंत.

म्हणून सांगते: एक पार्क, एक दिवस. आदल्या रात्री तिथेच जवळपास मुक्काम करा, दुपारी तासभर सावलीत बसा आणि दुसऱ्या दिवशी काहीही ठेवू नका.

जळगावकर:
तक्ता माझाच आहे. ताई, माझं दाणा बाजारात दुकान आहे. तीन दिवस शटर बंद ठेवणं म्हणजे काय, ते तुम्हाला नोकरीवाल्यांना कळणार नाही. घराबाहेर पडणं दोन वर्षांतून एकदा. एवढं भाडं भरून घाटापर्यंत गेलो आणि लॉजवर झोपून राहिलो, तर पोरं मला विचारतील. तक्ता नसला तर प्रत्येक चौकात ‘आता कुठं?’ सुरू होतं. खरा ताण तोच.

रावेरचा केळीवाला:
तुमचं तीन दिवसांचं भांडण चाललंय भो, आम्हाला मे महिन्यात एक दिवस सुटत नाही. वादळाचा महिना. घड लागलेली बाग अर्ध्या तासात आडवी होते. गेल्या खेपेला तिकिटं काढली होती, आदल्या संध्याकाळी वारा सुटला. पंचनाम्याला बांधावर मी नसतो तर कोण असतं? सगळे ‘उन्हाळ्याची सुट्टी’ धरून चालतात, शेतकऱ्याची सुट्टी कुणी धरत नाही.

भुसावळ जंक्शन:
मग दिवाळीनंतर जा, शाळेची सुट्टी संपत आलेली असताना आणि मधल्या वारी. तेव्हा पाऊस संपलेला असतो, ऊनही सोसवतं. मे महिन्यात आपण चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांतून निघतो आणि तिकडच्या घामात जाऊन पडतो. जून-जुलैत घाटाखाली असा पाऊस कोसळतो की उघड्यावरचे पाळणे मध्येच थांबवावे लागतात. आणि रेल्वेचं आरक्षण चार महिने आधी मिळायचे दिवस गेले. नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसच आधी मिळतं. तारीख लिहून ठेवा आणि सकाळी आठला बसा.

रावेरचा केळीवाला:
दिवाळीनंतर कापूस वेचणीला असतो. पण ठीक आहे, मे महिन्यापेक्षा बरं. एवढं मानतो.

अमळनेरचे आबा:
एवढ्या लांब जायचंच कशाला? वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. पाळणे येतात. आमची पोरं त्यावरच वाढली. ना उंचीची पट्टी, ना तीन-तीन तासांची रांग.

पारोळेकर ताई:
आबा, यात्रा मलाही प्यारी आहे. पण पट्टी नाही हे चांगलं कसं? आई म्हणून सांगते, मला ती पट्टी हवीच आहे. मी फक्त घरून मोजून न्या म्हणते.

नंदुरबारची माई:
सगळे गाडी, वार, पट्टी बोललात. डब्याचं कोणीच बोललं नाही.

आमच्याकडे सहल म्हटली की मी आणि सासूबाई पहाटे तीनला उठतो. दशम्या, कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची सुकी भाजी. आणि गेटवर सांगतात, बाहेरचं खाणं आत चालणार नाही. अख्खा डबा गाडीत राहिला, संध्याकाळी आंबला. आत सहा जणांचं जेवण विकत घेतलं.

जळगावकर:
नियम तिकिटावर लिहिलेला असतो, माई. वाचायचा होता.

नंदुरबारची माई:
तिकीट कोण काढतं घरात? ज्याने काढलं, त्याने वाचलं नाही. उठलो आम्ही.

आणि एवढ्यावर भागलं नाही. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत म्हणून सासूबाई नऊवारीत बाहेरच बसल्या. पूर्ण तिकीट काढून. ‘तुम्ही जा, मी आठेच बठस’ म्हणाल्या आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमच्या सहा जणांच्या चपला, मोबाइल, पिशव्या राखत राहिल्या. पाणी प्यायलाही उठल्या नाहीत, सामान कुणी नेईल म्हणून. रात्री पाय सुजलेले. आम्ही मात्र फोटो टाकले ‘कुटुंबासोबत धमाल’. मला आजही ते फोटो बघवत नाहीत.

भुसावळ जंक्शन:
आमच्या आईचंही हेच झालं. लॉकर होता तिथे. थोडक्या पैशांसाठी घेतला नाही.

अमळनेरचे आबा:
म्हाताऱ्यांना न्यायचंच कशाला मग? घरी सुखात असतात.

नंदुरबारची माई:
आबा, तुम्ही असं म्हणावं? तिला यायचं होतं. नवं लुगडं काढलं होतं तिने. तिला काय बघायचंय, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही, एवढंच.

अमळनेरचे आबा:
बोललो ते चुकलं. मलाही मुलगा विचारत नाही, थेट तारीख सांगतो. त्याचा राग इथे निघाला.

पारोळेकर ताई:
माई, मी पोरांच्या झोपेचा विचार केला, पण यातलं काहीच लिहिलं नाही. पाण्याचा पार्क वेगळा असतो. कोरड्या पार्कात म्हाताऱ्या माणसांना बसून बघण्यासारखं बरंच असतं. निवडतानाच ते बघायला हवं.

जळगावकर:
दुपारपासून तक्ता उघडून बसलोय. रविवारच्या रकान्यात आईच्या नावापुढे मी ‘पिशव्यांजवळ’ असं लिहिलंय. माझ्याच हाताने. सकाळी अकरा ते पाच.

वॉटर पार्क काढला. लॉकर धरला. शिर्डी तेवढी ठेवतो, कारण तिथे जायचं आईनेच सांगितलं होतं. बाकी तक्ता मी सोडणार नाही, ताई.

पारोळेकर ताई:
नका सोडू. पण आदल्या रात्रीचा मुक्काम तेवढा घाला.

जळगावकर:
बघतो. खोपोलीत सहा जणांना तळमजल्यावरची खोली कुठे मिळेल? आईला जिना चढवत नाही.