नायट्रोचे फोटो: चेहरे ओळखू येतील असे कसे काढावेत?

पळसपान
डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही नऊ जण खोपोलीच्या इमॅजिकात दिवसभर जाणार आहोत. नवरा, मुलं आणि मोठी भाचरं तिथल्या नायट्रो या रोलर कोस्टरमध्ये बसणार, मी खालून फोटो काढणार. कॅमेरा कॅनन १५००डी, सोबत १८-५५ आणि ५५-२५० ही दोन भिंगं. रोलर कोस्टरचे माझे आतापर्यंतचे फोटो तीनच प्रकारचे निघालेत: रिकामा रूळ, गाडीचं शेपूट, नाहीतर पांढरं आभाळ आणि त्यात काळी माणसं. स्पोर्ट्स मोडवर ठेवूनही तेच. गाडी फ्रेममध्ये सापडली तरी आपलं माणूस कुठलं ते कळत नाही. उभं कुठे राहावं, शटर किती, फोकस कसा धरावा? जाणकारांनी कृपया आकड्यांसकट सांगावं. ट्रायपॉड न्यावा का?

भिंगवाला
ट्रायपॉड नको. गर्दीत अडथळा होतो, आणि बऱ्याच पार्कांत आत नेऊही देत नाहीत. कॅमेऱ्याबद्दलचा नियमही तिकीट काढतानाच विचारून घ्या.

आता मुद्दा. नायट्रोचा कमाल वेग ताशी १०५ किमी, म्हणजे सेकंदाला साधारण २९ मीटर. तुमचा कॅमेरा सेकंदाला ३ फोटो काढतो. म्हणजे दोन फोटोंच्या मधे गाडी जवळजवळ १० मीटर पुढे सरकलेली असते. रिकामा रूळ आणि शेपूट यांचं कारण हेच. बटण दाबून धरलं की एखादा तरी फोटो चांगला येईल, हा हिशेब १५००डीवर चालत नाही. जागा आधी पक्की करायची, क्षण आधी ठरवायचा आणि तिथे एकच फोटो घ्यायचा.

गाडी सगळीकडे १०५ च्या वेगाने धावत नाही, हे आपल्या फायद्याचं आहे. नायट्रोची उंची सुमारे ४० मीटर. माथ्यावर गाडी साखळीच्या चालीने येते, म्हणजे अगदी सावकाश. खाली सेकंदाला २९ मीटरचा वेग घेतलेली गाडी पुन्हा २५ मीटर वर चढली की घर्षण धरलं नाही तरी १९ मीटरवर येते. म्हणून पहिली पसंती चढणीच्या माथ्याला, दुसरी लूपच्या (रुळाच्या उभ्या गोल वळशाच्या) वरच्या भागाला. उताराच्या तळाशी गाडी सर्वांत वेगात असते आणि नेमकं तिथेच सगळे कॅमेरा रोखून उभे असतात.

चेहऱ्यांसाठी एक गोष्ट आधी बघून ठेवा. या गाडीत खांद्यावरून खाली येणारे जाड पट्टे असतात. बरोबर बाजूला उभं राहिलात तर पट्ट्याची कड गालावर येते आणि फक्त नाक दिसतं. समोरून ४५ अंशांच्या आसपास उभं राहिलं की दोन्ही डोळे, उघडं तोंड आणि खाली लोंबणारे पाय, सगळं येतं (ही बिनतळाची गाडी आहे, पाय हवेत असतात, ते कापू नका). याचा दुसरा फायदा हलण्याबाबत. गाडी आडवी जाते तेव्हा फोटो सर्वांत जास्त हलतो. आपल्या दिशेने येते तेव्हा बराच कमी.

किती हलतो त्याचा अंदाज देतो. गाडी तुमच्यापासून ४० मीटरवरून पूर्ण वेगात आडवी चालली आहे आणि झूम २५० वर आहे, असं धरा. शटर १/२००० सेकंदावर असलं तर तेवढ्यात गाडी दीड सेंटीमीटर सरकते. तुमच्या सेन्सरवर तेच सुमारे २५ पिक्सेल होतात. झूम १०० वर आणलात तर १० पिक्सेल. म्हणजे झूम जितका ताणाल तितका फोटो हलेल. शिवाय २५० वर त्या अंतरावर फ्रेमची रुंदी जेमतेम साडेतीन मीटर राहते, गाडी त्यात पकडणं हेच अवघड. १०० वर ती ९ मीटरच्या आसपास होते. सुरुवात तिथून करा आणि नंतर कापा. २४ मेगापिक्सेलमध्ये तेवढी सोय आहे.

फोकस कॅमेऱ्यावर सोडू नका. गाडी येण्याआधी तो खांब, फांदी किंवा मागचं आभाळ पकडतो आणि गाडी येईपर्यंत चाचपडत बसतो. रुळावरची एक खूण निवडा, एखादा जोड किंवा खांबाचं टोक. त्यावर फोकस धरा आणि भिंगावरची कळ 'एएफ'वरून (आपोआप फोकस) 'एमएफ'वर (हाताने फोकस) सरकवा. त्यानंतर झूमला हात लावायचा नाही, या भिंगांत झूम हलला की फोकसही हलतो. भिंगाचं छिद्र एफ ८ ठेवलंत (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान) तर ४० मीटरवर, २०० च्या झूमलाही, साधारण ३५ ते ४७ मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. एवढी ढील पुरते.

प्रकाशही मॅन्युअल. माणसं काळी येतात कारण मागे पांढरं आभाळ असलं की कॅमेरा सगळाच फोटो अंधारा करतो. पुढच्या क्षणी मागे झाडी आली की उलटं. स्वच्छ उन्हात एफ ८, १/२०००, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ५०० हा संच जवळपास बरोबर बसतो. उन्हातल्या एखाद्या माणसावर चाचणी घ्या, चेहरा नीट येतोय ना बघा आणि दिवसभर तोच ठेवा. ढग आले तर फक्त आयएसओ वाढवा, १६०० पर्यंत बिनधास्त.

कातरवेळ
भिंगवाला यांच्या प्रतिसादात वेळेचा आणि उन्हाचा भाग राहिलाय.

पहिल्या गाडीचा फोटो काढू नका, तिच्याकडून वेळ मोजून घ्या. चढताना साखळीचा टकटक आवाज येत राहतो. माथ्यावर तो थांबला की मनात एक-एक सेकंद मोजायला लागायचं आणि तुमच्या खुणेपाशी गाडी कितव्या अंकाला आली ते लक्षात ठेवायचं. दुसऱ्या गाडीला पुन्हा पडताळा. अंक दर वेळी जवळजवळ तोच निघतो, कारण माथ्यानंतर गाडीला ढकलणारं काहीच नसतं, ती नुसत्या उंचीच्या जोरावर धावते. बोट मात्र अंक पूर्ण होण्याच्या किंचित आधी दाबायला हवं, आपल्या हाताला आणि कॅमेऱ्याला मिळून थोडा वेळ लागतोच. रुळाखालचा जाड चौकोनी कणा आतून पोकळ आहे, त्यामुळे गाडी जवळ आली की घरघर एकदम वाढते. दिसण्याआधी तीही सावध करते.

ऊन: डिसेंबरअखेर खोपोलीत सूर्य भर दुपारीही ४८ अंशांच्या वर जात नाही आणि दक्षिणेला असतो. म्हणजे दिवसभर चेहऱ्यावर तिरका, चांगला प्रकाश मिळू शकतो. सूर्य तुमच्या पाठीशी येईल ती बाजू निवडा. हाच बेत मेच्या मध्यावर असता तर वेगळं सांगितलं असतं: तेव्हा दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचे दिवस तेच, आणि सगळ्यांच्या डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात.

लूपच्या माथ्यावर लोक उलटे असतात तेव्हा तोंडं जमिनीकडे, ऊन गाडीच्या पोटावर. तिथला फोटो आकारासाठी घ्या, चेहऱ्यांसाठी नको.

आणि फ्रेममध्ये एखादा खांब किंवा झाडाचा शेंडा राहू द्या. नुसत्या आभाळात गाडी किती उंचावर आहे ते कळतच नाही. खांब उभा दिसला म्हणजे फोटो सरळ आहे; रूळ तिरका दिसतो म्हणून फोटो 'सरळ' करायला जाऊ नका.

रुळावरचा
मला १/२००० चा आग्रह पूर्ण पटत नाही. तो चेहऱ्यांसाठी ठीक, पण अशा फोटोत गाडी रुळावर चिकटवल्यासारखी दिसते, वेग उरत नाही. सगळे चेहरे मिळाले की एक फेरी १/१२५ वर, गाडीबरोबर कॅमेरा फिरवत काढून बघाच. पाय खांद्याइतके रुंद, कोपरं छातीला टेकलेली, आणि हात न हलवता कमरेतून वळायचं. बटण दाबल्यावरही वळणं थांबवायचं नाही. बहुतेकांचा फोटो तिथे बिघडतो. हा आडव्या धावेचाच प्रकार आहे, लूपवर जमत नाही. आयएसओ १०० वर आणा आणि एफ १६ च्या आसपास ठेवा, नाहीतर उन्हात फोटो पांढराफटक होईल. १० मधले २ जमले तरी चांगलं.

आता बसणाऱ्यांना काय सांगायचं. शक्य असेल तर पहिली रांग धरा, तिच्यासाठी थोडं जास्त थांबावं लागलं तरी. मागच्या ओळींचे चेहरे पुढच्या पाठींआड जातात. एका ओळीत चार जण बसतात. तुम्ही ज्या बाजूला उभ्या आहात त्या बाजूची खुर्ची त्यांनी घ्यावी. इथे गोंधळ होतो: गाडी तुमच्याकडे तोंड करून येते तेव्हा त्यांची डावी तुमची उजवी असते. फोनवर 'डावीकडे बस' म्हणण्याऐवजी 'तिकीटघराच्या बाजूला' अशी एखादी दिसणारी खूण सांगा. कपडे भडक एकरंगी घाला. लांब केस घट्ट बांधा, नाहीतर पहिल्या उतारावर ते चेहऱ्यावर येतात. चष्मे आणि फोन लॉकरमध्ये. गाडीतून फोटो काढायचा विचारही नको: हातातून सुटलेला फोन त्या वेगात खालच्या माणसाला दगडासारखा लागेल.

जाळीतून काढावा लागला तर भिंगाचा हूड (पुढची सावलीची कडी) काढून भिंग जाळीला जवळजवळ टेकवा आणि एफ ५.६ वर आणा. सावलीतली जाळी विरून जाते, उन्हात चमकणारी जात नाही.

पळसपान
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. आता एक अडचण. मुलं म्हणताहेत की एका फेरीला मीही बसायचंच. तेव्हा खाली फक्त सासूबाई असतील. त्यांना कॅमेरा जमणार नाही, फोनवर व्हिडिओ घेता येतो.

भिंगवाला
मग फोनच द्या, आणि जरूर बसा. व्हिडिओ ४के, सेकंदाला ६० फ्रेम असा लावून ठेवा. त्यात दोन फ्रेममधलं अंतर जेमतेम अर्धा मीटर पडतं, तुमच्या कॅमेऱ्याच्या १० मीटरच्या तुलनेत. नंतर हवी ती फ्रेम निवडून फोटो म्हणून ठेवता येते, साधारण ८ मेगापिक्सेलची. पोस्टकार्डाएवढी प्रत सुंदर निघते. चांगल्या उन्हात फोन शटर आपोआप वेगवान ठेवतो.

रांगेत शिरण्याआधी या गोष्टी तुम्ही स्वतः करून द्या. त्यांना सावलीत, रेलिंगपाशी उभं करा, बाक असेल तर उत्तमच. फोन आडवा, दोन्ही हातांत, मनगटं रेलिंगवर टेकलेली. माथा आणि पहिला उतार दोन्ही दिसतील एवढी चौकट ठरवा. माथ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि प्रकाश कुलूपबंद करा. मग सासूबाईंना एवढंच सांगायचं: टकटक सुरू झाली की लाल बटण दाबा, गाडी परत येऊन थांबली की पुन्हा दाबा, मधे फोन हलवायचा नाही. गाडीमागे फोन फिरवला की खांब तिरके झालेले दिसतात, कारण फोनचा सेन्सर चित्र एकदम न टिपता ओळीओळीने टिपतो.

जागेचं बघून ठेवा, असा व्हिडिओ मिनिटाला ४०० एमबी सहज खातो. आणि फोन आधीपासून उन्हात धरून ठेवू नका, तापला की कॅमेरा मधेच बंद पडतो.

कातरवेळ
डीप स्पेस ही आतली, अंधारातली राइड. तिथे कॅमेरा काढूच नका. वातानुकूलित भागातून बाहेर आलात की भिंगावर दमट हवेचं धुकं बसू शकतं. पुसत बसू नका, कॅमेरा १५-२० मिनिटं बंद पिशवीत राहू द्या. लहान भाचरांसाठी गोल्ड रश एक्सप्रेस बघा. तिचा वेग कमी, त्यामुळे १/१००० ला काम भागतं, आणि घाबरत-घाबरत हसणारे चेहरे तिथेच जास्त मिळतात.

सासूबाईंना पहिल्या गाडीचा सराव करू द्या, तुम्ही दुसरीत बसा.