स्टेला डॅलस: शेवटच्या सीनपेक्षा ट्रेनचा सीन भारी

कोणीतरी म्हटलंय की 'स्टेला डॅलस' (१९३७) म्हणजे नुसता रडका सिनेमा, आई मुलीच्या भल्यासाठी तिला श्रीमंत बापाकडे पाठवून त्याग करते आणि आपण रुमाल काढायचा. अर्धं पटलं. शेवट रडवतोच, मुलीचं लग्न आत चाललंय आणि आई स्टेला बाहेर पावसात उभी राहून खिडकीतून बघतेय, पोलीस हटकतो तरी एवढं बघू द्या म्हणते. पण मला विचाराल तर खरा सीन ट्रेनमधला आहे. रात्री बर्थवर पडलेली असताना बाहेर काही पोरी हिच्या भडक कपड्यांची टिंगल करतायत, ते हिला ऐकू येतं, मुलीलाही येतं, आणि दोघीही एकमेकींसाठी काही ऐकलंच नाही असं दाखवतात, मुलगी गुपचूप येऊन आईला बिलगून झोपते बस्स. त्या टिंगलीबद्दल एक शब्द नाही! स्टेला झालेल्या बार्बरा स्टॅनविकने इथे फक्त चेहऱ्यावर काम केलंय, ऑस्कर नॉमिनेशन मिळालं पण ऑस्कर नाही, हे मला आजही खटकतं.

आणि हो, याच सिनेमाचा निर्माता सॅम्युएल गोल्डविन, त्यानेच ही गोष्ट आधी १९२५ मध्ये मूकपटात काढली होती, त्यात बेल बेनेट आई होती. जमलं तर दोन्ही पाठोपाठ बघा.

बाकी मुलीला श्रीमंत बापाकडे पाठवणं हाच काय तो 'चांगला' मार्ग, हे मात्र मला तेव्हाही पटलं नव्हतं. बाईचा दोष काय, तर झगमगीत ड्रेस आणि मोठ्याने हसणं?