कॅसेट जिथे कापली गेली तिथेच गाणं अजून अडकतं, तुमचंही असं होतं का?

डी_नव्वद
परवा रात्री भांडी घासत होतो (बायको माहेरी, मावशींची सुट्टी) आणि मोबाइलवर आपोआप पर्ल जॅम या रॉक बँडचं 'रिलीज' लागलं. एखादं मिनिट झालं आणि माझा हात साबणासकट थांबला, कारण आता "टक्" होणार. झालंच नाही, गाणं आपलं पुढे चालूच!

सांगतो. ९६ साली कराडला हॉस्टेलवर एका सीनिअरकडून टीडीकेची डी-९० (दोन्ही साइड मिळून ९० मिनिटांची कोरी कॅसेट) भरून घेतली होती. ए साइडला निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड', बेचाळीस मिनिटांचा, आरामात बसला. बी साइडला पर्ल जॅमचा 'टेन', तो ५३ मिनिटांचा आणि साइड ४५ची, म्हणजे शेवटचं 'रिलीज' जेमतेम सुरू व्हायचं की प्लेअरचं बटण उडायचं. दोन्ही अल्बम १९९१चे, महिन्याभराच्या अंतराने आलेले, पण आमच्यापर्यंत पोचायला पाच वर्षं लागली. माझ्यासाठी चार वर्षं ते गाणं म्हणजे तेवढंच, पुढे काही आहे हे डोक्यातच नाही. आणि परवा त्या न झालेल्या टक् बरोबर सगळं आलं, मेसची पाणीदार उसळ, पावसात चार चार दिवस न वाळणारी जीन, कॅसेट पलटायला कोण उठणार यावरून रोजची भांडणं. बाकीची गाणी हजारदा ऐकून गुळगुळीत झालीत, त्यांनी काहीच होत नाही. तुमचं असं कुठलं गाणं आहे? रॉक, मेटल, काहीही चालेल, फक्त त्या काळातलं.

तिसरी_तार
मेटालिकाचं नथिंग एल्स मॅटर्स, अजून कुठलं. त्याची सुरुवात गिटारच्या सगळ्या मोकळ्या तारांवर आहे, सहावी, तिसरी, दुसरी, पहिली, डाव्या हाताला कामच नाही, त्यामुळे ज्याला ओ की ठो येत नाही तोही गिव्हसनची गिटार घेऊन गच्चीत बसायचा. मी त्यातलाच. डावा हात लागायची वेळ आली की "आता बोटं दुखतात" म्हणून गिटार दुसऱ्याकडे. २०११ला ३० ऑक्टोबरला मेटालिका बंगलोरला आले तेव्हा पुण्याहून रात्रभर बसने गेलो, त्यात दोन दिवस आधीचा गुडगावचा शो रद्द झालेला म्हणून जीव टांगणीला. हे गाणं सुरू झालं आणि खरं सांगतो स्टेजकडे लक्षच नाही, डोळ्यासमोर गच्चीतली पाण्याची टाकी.

खडूस_काका
गाण्यांत विशेष काही नाही हो. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला जास्त येतात, मानसशास्त्रात त्याला रेमिनिसन्स बंप म्हणतात. आमचे तीर्थरूप रेडिओ सिलोन म्हटलं की असेच पाघळायचे आणि आम्ही हसायचो. आता तुमची पोरं तुम्हाला हसत असतील.
बाकी धागाकर्ते, तुमचा 'नेव्हरमाइंड' कॅसेटवर होता म्हणून वाचलात. सीडीवर शेवटचं गाणं संपल्यावर दहाएक मिनिटं चिडीचूप आणि मग अचानक धिंगाणा सुरू होतो, छापलेल्या यादीत नसलेलं गाणं. आम्ही दिवे घालवून झोपलेलो. रेक्टर चड्डीवर धावत आले होते.

लोकलवाली
काका, रेक्टर 😂😂
माझं क्रॅनबेरीजचं 'झॉम्बी'. १९९४चं. डोंबिवलीहून लेडीज डब्यात दारात उभं राहून ऐकायचे, वॉकमन दादाचा, ढापलेला. तेव्हा शब्द कळायचे नाहीत, नुसता तो आवाज फाटतो ना तिथे बरं वाटायचं. ते इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनच्या बॉम्बस्फोटात गेलेल्या दोन मुलांवर आहे हे कितीतरी वर्षांनी वाचलं, आणि तारीख बघून थबकलेच, २० मार्च १९९३. आपल्याकडचे स्फोट १२ मार्चचे, आठच दिवस आधी. दादा नरिमन पॉइंटला कामाला होता. रात्री साडेदहाला घरी आला, काही बोलला नाही, दारातच बसून चिमट्याने बुटाच्या तळव्यातून काचा काढत बसला होता. आता ते गाणं लागलं की आधी चिमटा दिसतो मग लोकल. त्याला अजून विचारलं नाहीये मी त्या दिवसाबद्दल.

बुवा_मेटल
मेगाडेथ. आईच्या अभंगांच्या कॅसेटवर. भरलेली कॅसेट पुसली जाऊ नये म्हणून कडेला खाच असते ना, तिच्यात कागदाचा बोळा कोंबून रेकॉर्ड केलं होतं. शेवटचं गाणं संपलं की खर्र आणि थेट मृदंग. आजही मेगाडेथ थांबलं की कान टाळ शोधतात. आईला कळलं त्या दिवशी जेवायला मिळालं नाही.

तिसरी_तार
@डी_नव्वद, 'रिलीज' पुढे नीट ऐकलंत का? वडलांना उद्देशून आहे ते. पर्ल जॅमचा गायक वेडर, त्याला आपले खरे वडील कोण हे ते गेल्यानंतर कळलं होतं.

डी_नव्वद
नाही ना, वडलांचा उल्लेख येईपर्यंत आमची साइडच संपायची. तुमचं वाचून काल परत लावलं, मुद्दाम, दिवा घालवून. आमचे बाबा दर रविवारी रात्री एसटीडीवर "पैसे पुरतात का" एवढं विचारून लगेच फोन आईकडे द्यायचे. मी पुरतात म्हणायचो. पुरत नसायचे.

लोकलवाली
कॅसेट आहे का अजून?

डी_नव्वद
आहे, माळ्यावर. बुरशी आलीये आणि वाजवायला काही नाही. कुणाकडे चालू स्थितीतला कॅसेट डेक असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.