हॉर्न स्पीकरला व्हॉल्व्ह अँपचं किट: हट्ट की हिशोब?

तारकस
मामेभाऊ न्यू जर्सीचं घर आवरून कायमचा परत आला आणि सामानात क्लिप्श कंपनीच्या हेरेसी स्पीकरची जोडी घेऊन आला. त्याच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये ती मावेना, म्हणून आता ती माझ्याकडे कोथरूडला आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पॉल क्लिप्श यांनी १९४६ साली आर्कान्सातल्या होप गावी कंपनी काढली ती खोलीच्या कोपऱ्यात बसणाऱ्या अवाढव्य क्लिप्शहॉर्न स्पीकरसाठी. हेरेसी १९५७ ची, दोन क्लिप्शहॉर्नच्या मधल्या जागेत ठेवायला. तिच्या मिड (मधले सूर) आणि ट्वीटरला (वरचे सूर) हॉर्न म्हणजे कर्णा आहे, पण बेसला (खालचे सूर) बंद पेटीतला १२ इंची वूफर. हॉर्नवाल्यांच्या लेखी हे पाखंड, म्हणजे इंग्रजीत हेरेसीच, आणि नावही तेच पडलं!

मुद्दा असा. कंपनीचा सेन्सिटिव्हिटीचा (ठरावीक ताकदीला आवाज किती) आकडा आवृत्तीप्रमाणे ९६ ते ९९ डेसिबल, १ वॅटला १ मीटरवर. १० डेसिबल म्हणजे दहापट ताकद. ८७ डेसिबलच्या छोट्या बुकशेल्फ स्पीकरला ८० वॅट लागतात तिथे ९७ ला ८ पुरतात, आणि एक ३००बी व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरआधीची काचेची नळी) सिंगल एंडेडमध्ये (एकाच व्हॉल्व्हने पूर्ण लहर पेलायची रचना) साधारण तेवढेच देतो. माझं म्हणणं, व्हॉल्व्ह अँप हाताने बांधायचा तर असल्याच स्पीकरसाठी. इतरत्र तो हट्ट, इथे हिशोब. ३००बी चं किट मागवावं म्हणतोय. जाणकारांनी हाणून पाडावं किंवा उचलून धरावं.

ओहमकार
हाणून पाडतो.

वॅटचा हिशोब बरोबर आहे, पण तो एकाच बाजूने मांडलाय. जो स्पीकर १ वॅट दहापट मोठा करून सांगतो तो अँपची गुणगुणही तेवढीच मोठी करून सांगतो. ३००बी मध्ये तापणारी तारच कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) असते. तिला ५ व्होल्ट एसी दिलात तर हम पॉट (गुणगुण कमी करायचा नॉब) फिरवून ५० हर्ट्झ मारता येतो, १०० हर्ट्झ थोडा उरतोच. ८७ च्या स्पीकरवर तो कुणाच्या कानावर येत नाही. हेरेसीवर रात्री अकराला, पंखा बंद केल्यावर, येईल.

दुसरं, आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे अँपचा स्वतःचा आतला विरोध. फीडबॅक (आउटपुटचा अंश उलटा करून परत इनपुटला देणं) नसलेल्या सिंगल एंडेडचा ३ ओहम धरा. स्पीकर ‘८ ओहम’ म्हणवतो, पण प्रत्यक्षात तो फ्रीक्वेन्सीप्रमाणे समजा ६ पासून ३० पर्यंत हिंडतोय. नुसत्या भागाकाराने अडीच-पावणेतीन डेसिबलचा चढउतार निघतो. म्हणजे तुम्ही अँप नाही, न सांगता बसवलेला टोन कंट्रोल बांधताय. लोक त्यालाच ‘उबदार आवाज’ म्हणतात. बेल लॅब्जच्या हॅरॉल्ड ब्लॅक यांना १९२७ मध्ये निगेटिव्ह फीडबॅक सुचला तो असल्याच दुखण्यांवर. जवळजवळ शंभर वर्षांनी आपण तो मुद्दाम काढून टाकायचा आणि वर जास्त पैसे मोजायचे!

बरा क्लास डी (स्विचिंग ट्रान्झिस्टरचा) अँप घ्या, उरलेल्या पैशात पडदे आणि जाड गालिचा.

जुना_रेडिओ
ओहमकार, गणित कबूल. पण मूळ गोष्ट उलटी बघा. हॉर्न आणि व्हॉल्व्ह ही जोडी कुणा शौकिनाने जमवलेली नाही. थिएटरात बोलपट आले तेव्हा अँप मोजक्या वॅटचे होते आणि समोर हजार माणसं. आवाज मागच्या रांगेपर्यंत न्यायचा तर स्पीकरनेच काम करायला हवं होतं, म्हणून हॉर्न. ३००बी ही वेस्टर्न इलेक्ट्रिकची, १९३८ ची. पुढे १९५४ ला एआर-१ या स्पीकरने छोट्या बंद पेटीतून खोल बेस काढून दाखवला, त्याची किंमत कार्यक्षमतेत मोजली. मग वॅट वाढवत न्यावे लागले आणि ट्रान्झिस्टर आयताच हाताशी आला. तारकस यांनी निम्मी जोडी फुकटात मिळवलीय, उरलेली निम्मी मागताहेत. त्यात पाखंड काय?

तरी ३००बी नको. पहिलंच किट असेल तर ईएल८४ हा छोटा व्हॉल्व्ह घ्या.

सांगलीचा_भोंगेवाला
आमचा धंदा मंडपाचा. घरात आजोबांच्या काळापासून कर्णे. एक सांगू का, वॅट महाग होते तोवर कर्ण्याला पर्याय नव्हता. आता वॅट मातीमोल झालेत. मी कॉम्प्रेशन ड्रायव्हरला (कर्ण्यामागचं आवाज काढणारं युनिट) ५०० वॅटचा अँप लावतो, त्यातले ४९० आरामच करत असतात. बिचारे. कीर्तनात मृदंगाची थाप अचानक येते तेव्हा कामाला येतात. ८ वॅटमध्ये थाप आली की अँपची जीभ बाहेर.

तारकस
@भोंगेवाला, मंडपात बरोबर, पण माझी खोली बारा बाय चौदा. दोन हेरेसी, ८ वॅट, तीन मीटरवर बसलो तरी शिखराला १०० डेसिबलच्या आसपास जायला हरकत नाही. माझं रोजचं ऐकणं ७५ च्या वर नाही, शेजारी वरच्या मजल्यावरून खाली येतात. म्हणजे थापेला वीस-पंचवीस डेसिबल मोकळे. तबल्याला पुष्कळ झाले.

@ओहमकार, गुणगुणीचा मुद्दा मात्र लागला. मी ऐकतो ते बहुतेक गायन, आणि तानपुऱ्याच्या जवारीमागे अँपने स्वतःचा वेगळा षड्ज लावला तर सहन होणार नाही.

@जुना_रेडिओ, ईएल८४ का?

जुना_रेडिओ
तीन कारणं, पण महत्त्वाचं एकच. ईएल८४ मध्ये कॅथोड वेगळा आणि हीटर वेगळा, त्यामुळे एसीवर तापवूनही शांत राहतो. बाकी म्हणजे व्हॉल्व्ह स्वस्त. बंगळुरूच्या बीईएलने (भारत इलेक्ट्रॉनिक्स) बनवलेले जुने तुकडे अजून निघतात, आणि नवे स्लोव्हाकिया-रशियाचे मिळतात. सिंगल एंडेडमध्ये ५ वॅटच्या आसपास देतो. ३००बी पेक्षा २ डेसिबल कमी. कानाला जेमतेम कळेल.

पैसे आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा) घाला. ह्यात मी स्वतः पोळलोय. बुधवार पेठेत चौकशी करत एका वाइंडिंगवाल्याकडून ट्रान्सफॉर्मर करून घेतला. दिसायला देखणा, वजनदार, वार्निशचा वास येतोय. लावला तर बेस कुठे नाहीच. उघडला तेव्हा कळलं, पत्रे उलटसुलट गुंफून भरले होते, साध्या मेन ट्रान्सफॉर्मरसारखे. सिंगल एंडेडमध्ये प्राइमरीतून (व्हॉल्व्हकडच्या वेटोळ्यातून) सतत डीसी वाहतो, तेव्हा सगळे ई आकाराचे पत्रे एका बाजूला, आय आकाराचे दुसऱ्या बाजूला आणि मधे कागदाची फट लागते. फट नसेल तर लोखंड चुंबकत्वाने आधीच भरून जातं, संगीताला जागा उरत नाही. चूक त्याची म्हणता येत नाही. मी ‘पाच हजार ओहमला आठ’ एवढंच लिहून दिलं होतं.

न्यूजर्सीतली_मावशी
मी इथे डायनाको एसटी-७० हा व्हॉल्व्ह अँप वाजवते. १९५९ चं डिझाइन, ईएल३४ व्हॉल्व्ह पुशपुलमध्ये (दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने), ३५ वॅट दर चॅनलला, आणि चक्क फीडबॅकसकट. ओहमकार यांचे दोन्ही आक्षेप बऱ्यापैकी निकालात. सिंगल एंडेडच हवं हा आग्रह कुणाचा?

आणखी एक. बाहेरून किट आणणार असाल तर मेन ट्रान्सफॉर्मरचे टॅप (किती व्होल्टसाठी जोड आहेत ते) विचारा. १२० व्होल्टचं असेल तर प्रश्नच मिटला, पहिल्या मिनिटाला धूर. पण २२० चा टॅपही फसवा. मी भारतात येते तेव्हा भावाच्या घरी मीटरवर २४५ बघितलेत. म्हणजे ११ टक्के जास्त, ६.३ व्होल्टचा हीटर ७ वर जळत राहणार.

ओहमकार
मावशींना +१. पुशपुल आणि फीडबॅक असेल तर माझा आवाजाबद्दलचा आक्षेप अर्धा मागे. अर्धाच.

उरलेला अर्धा ह्याच्यावर: आतापर्यंत कुणीच विजेच्या धक्क्याबद्दल बोललं नाही. बोर्डावर ३०० ते ४०० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर तो धरून बसतात. ट्रान्झिस्टरवर हात बसलेला माणूस सवयीने बोट घालतो. ब्लीडर रेझिस्टर (कपॅसिटर रिकामे करणारा) आहे का बघा, असला तरी मीटर लावून खात्री करा, एक हात खिशात ठेवा. घरात लहान मूल असेल तर वर जाळी. ‘स्वतः बांधण्याचा आनंद’ लिहिणाऱ्यांनी हेही लिहायला हवं होतं.

तारकस
लिहायला हवं होतं, मान्य. मुलगी चार वर्षांची आहे, जाळी पहिल्या दिवसापासून.

पुशपुल मात्र नको. उत्तर तर्काचं नाही, मावशी. मला दोन व्हॉल्व्ह, दोन ट्रान्सफॉर्मर आणि मोजता येतील एवढेच जोड हवेत, म्हणजे काय कुठे चाललंय ते एका कागदावर मावतं. तेव्हा ईएल८४ सिंगल एंडेड, थोडा फीडबॅक, मेन ट्रान्सफॉर्मरला २४० चा टॅप. आउटपुट ट्रान्सफॉर्मर फट घालून, चित्र काढून देऊन. डीसी पुरवठ्यात एक चोक (लोखंडावरचं तारेचं वेटोळं) वाढवतोय, १०० हर्ट्झसाठी. दिवाळीपर्यंत वाजला तर ओहमकारांना ऐकायला आमंत्रण, फराळासकट.

ओहमकार
येतो. पण आधी गाणं लावायचं नाही. इनपुट शॉर्ट करून, पंखा बंद करून ट्वीटरला कान लावणार, मग वूफरला. चकली त्यानंतर.

सांगलीचा_भोंगेवाला
मीपण येतो. ५०० वॅटचा घेऊन येऊ का, तुलनेला?